पावडरीचा वास

कुवेतहून कायमचा परत आलो तेव्हा माझ्या बॅगेत ब्लँकेटं, साबणाच्या वड्या आणि अत्तराच्या बाटल्या यांच्या मधोमध एक पिवळी पेटी होती. पेटीत एक गोल डायल, त्याला लावलेल्या रंगीत रबरी नळ्या आणि छोटे पितळी कॉक. मालवणातल्या आमच्या घरी ती पेटी उघडली आणि शेजारची म्हातारी बाही वर करून समोर येऊन बसली.

"अंतोन, आधी माका बघ रे. हल्ली चकर येता."

तिला ते ब्लडप्रेशर बघायचं यंत्र वाटलं. माझी बायको फिलोमिना हसून हसून बेजार झाली आणि तेव्हापासून आमच्या घरात त्या पेटीचं नाव 'बीपीची पेटी' असं पडलं. तसं ते फारसं चुकीचंही नाही. मी आयुष्यभर प्रेशरच बघत आलो, फक्त माणसांचं नाही, पाइपांचं.

आता हे काम नेमकं काय, ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते अजून नीटसं ठाऊक नाही. तो सगळ्यांना 'आमचो अंतोन प्लंबर आसा' असं सांगतो आणि विषय मिटवतो. आपल्याला वाटतं, पाणी टाकीतून निघतं आणि नळातून बाहेर येतं, त्याला दुसरा रस्ताच नाही. पण पाण्याला पुढचं-मागचं काही कळत नाही. जिकडे दाब कमी तिकडे ते जातं. वरचा व्हॉल्व्ह बंद झाला आणि खाली कोणी नळ उघडा ठेवला, की लाइनीतलं उरलंसुरलं पाणी खाली उतरायला लागतं आणि उतरताना मागून ओढ घेतं. त्या वेळी मधल्या कोणाच्या नळाला लावलेली रबरी नळी बादलीत बुडालेली असेल तर त्या बादलीतलं पाणी उलटं लाइनीत शिरतं. बादली कपड्यांची असो, फिनेलची असो की मासे धुतलेली. आणि मग ते पाणी शेजाऱ्याच्या माठात जातं.

हे होऊ नये म्हणून पाइपात एक पितळी अवजार बसवतात. बॅकफ्लो प्रिव्हेंटर हे त्याचं नाव. आत एकापाठोपाठ दोन झडपा, दोन्हींना स्प्रिंग. पुढे जाणाऱ्या पाण्याला वाट द्यायची, मागे येणाऱ्याला नाही, एवढंच त्यांचं काम. पण स्प्रिंग गंजते, झडपेखाली वाळूचा एखादा कण अडकतो, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून दर वर्षी पेटीतल्या नळ्या लावून बघावं लागतं. सुई स्थिर राहिली तर झडप धरते आहे. सुई घसरत गेली तर खोलून साफ करायचं. कुवेतच्या एका हॉस्पिटलात मी हेच करत होतो. तिथे प्रत्येक व्हॉल्व्हला तपासल्याचं टॅग लटकत असे आणि आमचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, फोरमन टॅग नसलेला व्हॉल्व्ह दिसला की माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करत असे.

इकडे आलो आणि कळलं, की या कामाला इथे गिऱ्हाईकच नाही. हळूहळू समुद्राकाठची हॉटेलं वाढली, एकदोन दवाखान्यांनी बोलावलं. एका होमस्टेवाल्याकडे मी मोठ्या हौसेने प्रिव्हेंटर बसवून दिला. पुढच्या वर्षी पेटी लावली तर सुई थेट तळाला. खोलून बघतो तर आत काहीच नाही, ना झडप ना स्प्रिंग. पाणी बारीक येतं म्हणून पठ्ठ्याने आतलं सगळं काढून ठेवलं होतं आणि वरचं पितळ तेवढं शोभेला परत बसवलं होतं. वर मलाच म्हणाला, "तुजा मशीन बिघडला काय बघ." दुसऱ्या एकाने फोनवर आरडाओरडा केला, की तू बसवलेला व्हॉल्व्ह गळतो. मोठ्या प्रिव्हेंटरला खाली एक तोंड असतं. आतली झडप बिघडली तर पाणी तिथून बाहेर पडतं, म्हणजे घाण लाइनीत न जाता जमिनीवर जावी. मी त्याला म्हटलं, "अरे, तो गळणा नाय, तो बोंब मारता." त्याने त्या तोंडाला लाकडाची गुडदी ठोकून ते बंद केलं.

अशा गोष्टी सांगून मी चारचौघांना पुष्कळ हसवलंय. पण या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा मनात आलं, की दत्तूची गोष्ट सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

दत्तू विजयदुर्गाच्या अलीकडच्या एका गावात पाणी सोडणारा. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांनी खूप सोसलंय. कुवेतला जायच्या आधी तिथल्या नळयोजनेची लाइन घातली तेव्हा मी कंत्राटदाराकडे फिटिंगला होतो आणि दत्तू ग्रामपंचायतीचा माणूस म्हणून सोबत असे. तेव्हापासूनची आमची दोस्ती. पाणी सोडणाऱ्याचं काम म्हणजे पंप चालू करायचा, टाकी भरायची, टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर टाकायची आणि पाळीपाळीने एकेका वाडीचा व्हॉल्व्ह उघडायचा. गावाची झोप त्याच्या हातात आणि शिव्याही त्याच्याच वाट्याला.

त्यातली पावडर हे सगळ्यात अवघड काम. आमच्याकडच्या माणसाला विहिरीच्या पाण्याची सवय. पावडरीच्या पाण्याने चहाची चव जाते, पेज बेचव लागते, अशी ओरड कायम. लोक नळाचं पाणी गुरांना घालत आणि स्वतः विहिरीवर जात. एका पावसाळ्यात गावात काविळीची साथ आली आणि दत्तूने हे काम मनावर घेतलं. घरोघरी जाऊन तो सांगायचा, "वास येता म्हणजे पाणी बरां. वास नाय इलो तर माका सांगा." वाद घालायचा, हातापाया पडायचा, नळाखाली ओंजळ धरून स्वतः पिऊन दाखवायचा. हळूहळू लोकांनी ऐकलं. पुढे पुढे तर उलट झालं. कधी वास कमी आला तर बायका त्यालाच विचारायच्या, "दत्तू, आज पावडर इसारलंस काय रे?" या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता आणि तो रास्तही होता.

त्यातल्या एका वाडीच्या अगदी खालच्या टोकाला सरूकाकीचं घर. मुलगा नोकरीसाठी मुंबईला, काकी एकटी. तिच्या अंगणातला नळ घट्ट, तिच्या बोटांना फिरवता येत नसे. म्हणून वाडीची पाळी संपली, वरचा व्हॉल्व्ह बंद केला, की दत्तू चालत खाली यायचा आणि तिची कळशी भरून द्यायचा. व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही लाइनीतलं पाणी खालच्या घरांना थोडा वेळ येत राहतं, ते शेवटचं पाणी काकीचं. मग ती त्याला चहा द्यायची. तो म्हणायचा, "काकी, तुझ्या चायेक पावडरीचो वास येता." ती म्हणायची, "तूच घातलंस, तूच पी."

आंब्याला मोहोर आला होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी कळशी भरल्यावर काकी म्हणाली, "दत्तू, आज वास जास्त येता रे." दत्तूने हुंगलं. त्याच्या हातांना, कपड्यांना, नाकाला तो वास बाराही महिने. त्याला वेगळं काही जाणवलं नाही. तो म्हणाला, "पावडर जरा जास्त पडली असतली. वास येता म्हणजे बरां मा? पी गो." तिने तांब्याभर पाणी घेतलं आणि प्यायली. दत्तूला त्या दिवशी पंपाकडे परत जायची घाई होती, चहाला तो थांबला नाही.

दुपारपर्यंत खालच्या चारदोन घरांत माणसांना उलट्या सुरू झाल्या. घाम, तोंडाला लाळ, हातपाय थरथरणं. गावातल्या डॉक्टरांनी पोट बिघडलं म्हणून सलाईन लावलं आणि सगळ्यांना, सरूकाकीलाही, तालुक्याच्या हॉस्पिटलात पाठवलं. संध्याकाळी पंपघरासमोर गाव जमला. दत्तूने पावडर वाटेल तशी ओतली, हे तोवर सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. सरपंचबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी त्याच्याकडून पंपघराची चावी मागून घेतली आणि "चौकशी होईपर्यंत तुम्ही कामावर येऊ नका," असं सगळ्यांसमोर सांगितलं.

त्याने मला फोन केला. आवाज ओळखू येत नव्हता. "अंतोन, पावडर रोजच्याइतकीच टाकलंय. देवाशपथ. पण काकीक बरां नाय. तू ये आणि बघ पाण्यात काय आसा तां."

मी पहाटेच बाईक काढली. पोचलो तेव्हा तो काकीच्या बंद दारासमोर ओट्यावर बसला होता. रात्री घरी गेलाच नव्हता बहुतेक. कळशी तशीच अंगणात होती. मी झाकण काढलं आणि लगेच मागे सरलो. माझ्या मेहुण्याची काजूची बाग आहे, तिथे फवारणीच्या दिवसांत असला वास येतो.

"दत्तू, ह्यो वास पावडरीचो न्हय. ह्यां औषध आसा. फवारणीचां."

तो म्हणाला, "टाकयेत औषध खंयसून येतला?"

"टाकयेत नाय. मधी खंयतरी. लाइन खंयसून जाता तां दाखव."

आम्ही पाइपाच्या बाजूने वर चढत गेलो. टाकी आणि वाडी यांच्या मध्ये सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, बाबलची हापूसची बाग लागते. बाबल चाळिशीतला, कष्टाळू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. झाडाखाली निळं बॅरल होतं आणि बागेला याच लाइनीवरून दिलेल्या नळाची रबरी नळी अजून बॅरलच्या बुडाशी गेलेली होती. मला सगळं तिथेच समजलं. बॅरलमध्ये आधी औषध ओततात, मग वरून पाणी. पाणी उंचावरून पडलं तर फेस येतो, म्हणून नळी तळाला दाबून ठेवतात. इथले सगळेच बागायतदार तसं करतात. बाबलनेही तेच केलं आणि पाणी भरेपर्यंत घरी न्याहारीला गेला. तेवढ्यात वाडीची पाळी संपली. दत्तूने नेहमीप्रमाणे व्हॉल्व्ह बंद केला. खालच्या नळांनी ओढ घेतली आणि बॅरलमधलं घट्ट औषध उलटं लाइनीत गेलं. बाबल परत आला तर बॅरल रिकामं. त्याला वाटलं, बॅरल कुठेतरी गळतंय. त्याने शिव्या दिल्या आणि फवारणी दुसऱ्या दिवसावर टाकली.

बाबल बागेतच होता. त्याला हे मी सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. "काका, माजां नाव पुढे येतला. माका गावात ऱ्हवाक देवचे नाय."

मी काही बोलायच्या आत दत्तू पुढे झाला. आदल्या दिवसापासून गावाच्या शिव्या खाणारा माणूस. बाबलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबल, नावाचां मगे बघू. काकी थय घामान भिजली आसा. डॉक्टराक कळाक होया काय पॉटात गेला तां. बाटली खंय आसा?"

बाबल धावत गेला आणि बाटली घेऊन आला. मी तिच्यावरचं नाव हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, आम्हालाही तोच संशय येत होता, बाटली ताबडतोब पाठवा. बाबलने ती शर्टात घातली आणि स्वतःच मोटारसायकलवर टांग टाकून निघाला. त्या माणसाबद्दल गावात कोणी काहीही बोललं तरी मी हे नेहमी सांगतो.

गावाला मात्र पटेना. पाणी उलटं चढतं, हे कोणाला कसं पटावं? म्हणून मी धुऊन काढलेल्या बॅरलमध्ये पाणी भरलं आणि त्यात कपड्यांची नीळ कालवून नळी पुन्हा बुडाशी सोडली. सरपंचबाईंनी पंपघराची चावी दिली. दत्तूने व्हॉल्व्ह उघडला, मग बंद केला. खाली काकीच्या अंगणात अख्खी वाडी उभी. नळातून आधी स्वच्छ पाणी आलं, मग धार बारीक झाली आणि मग निळी झाली. एक बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली, तिचा नवरा हॉस्पिटलात होता.

बाकीची माणसं बरी होऊन घरी आली. सरूकाकी आली नाही. तिचं काळीज आधीच अशक्त होतं, डॉक्टरांनी केलं तेवढं केलं. मुंबईहून तिचा मुलगा आला. सगळं उरकल्यावर तो दत्तूकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "दत्तूदा, आमच्या आवशीक इतकी वर्सां तुमीच बघलास. तुमचे उपकार फेडूक जमाचे नाय." मी तिथेच होतो. दत्तू उठला आणि परसात निघून गेला. कितीतरी वेळ आला नाही. मी गेलो तर माडाला धरून उभा होता.

पुढे ग्रामपंचायतीत बैठक झाली. सरपंचबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दत्तारामांची काहीही चूक नव्हती. आम्ही घाईने चावी काढून घेतली, त्याबद्दल मी गावातर्फे माफी मागते. त्यांनी पुन्हा कामावर यावं." बाबलनेही उभं राहून झालं ते सांगितलं. लोकांनी त्याला वाळीत टाकलं नाही, याचं मला बरं वाटलं. सगळ्यांनी दत्तूकडे पाहिलं. तो खुर्चीत पुढे वाकून बसला होता.

"चूक नव्हती म्हणतास तां खरां," तो म्हणाला. "बॅरल माजां नाय, नळी माजी नाय. पण तिणा माका विचारल्यान. वास येता म्हणान माकाच विचारल्यान. आणि पी म्हणान मीच सांगलंय."

मी तांत्रिक माणूस, मला राहवलं नाही. मी म्हटलं, अरे, हा वास तुला कसा ओळखू येणार, कोणालाच आला नसता. तो म्हणाला, "तिका इलो मा?"

कामावर तो परत गेला. त्या गावात आता बागांच्या प्रत्येक जोडणीला प्रिव्हेंटर आहे आणि बॅरलवर नळीसाठी लोखंडी आकडा आहे. नळीचं तोंड पाण्याच्या चार बोटं वर राहिलं पाहिजे, हे मी ओरडून ओरडून सांगितलंय. चार बोटांच्या हवेइतकं भरवशाचं अवजार जगात दुसरं नाही, तिला ना स्प्रिंग लागते ना माझी पेटी. पण हे सगळं काकी गेल्यावर झालं. कुवेतमध्ये मी लोखंडी कपाटातल्या व्हॉल्व्हांना टॅगं लावत होतो आणि माझ्याच मुलखात सड्यावर एक नळी वर्षानुवर्षं बॅरलात बुडत होती, याची मला फार खंत वाटते.

दर वर्षी मोहोर यायच्या आधी मी त्या गावात तपासणीला जातो. आता गुडघे कुरकुरतात, पण हे एक काम मी दुसऱ्याला देत नाही. दत्तू सोबत असतो, पाने धरतो, कॉक फिरवतो. एकेक करून सगळे व्हॉल्व्ह बघून होतात. आणि मग तो वाडीचं पाणी सोडायच्या आधी पंपघरामागच्या नळाचं पेलाभर पाणी घेतो, पितो आणि दगडावर बसून राहतो. तपासणीच्या दिवशीच नव्हे, रोज. वाडीतल्या बायका हंडे लावून खाली थांबलेल्या असतात, कोणी हाक मारत नाही. पुरेसा वेळ गेला असं त्याला वाटलं, की उठतो आणि व्हॉल्व्ह उघडतो.

यंदा मी चिडलो. म्हटलं, "दत्तू, बस झालां आता. सगळे व्हॉल्व्ह मी तुझ्यासमोर तपासलंय. सुई जाग्यावरसून हालूक नाय. मगे ह्यां कित्या?"

तो रिकामा पेला हातात घेऊन तसाच बसून होता. खाली वाडीकडे बघत म्हणाला, "तुजी सुई कोणाक 'पी' म्हणान सांगना नाय रे अंतोन. तां माका सांगूचां लागता."